साठ वर्षांच्या तापमानाची गोधडी

इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ साली एकेका वर्षाचे तापमान एकेका रंगीत पट्टीने दाखवले. ती पद्धत गोधडीवर सहज उतरते, कारण पट्ट्या जोडणे आपल्या घरांना नवे नाही.

आकडे पुण्यातच मिळतात. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९५१ पासूनचे दैनंदिन कमाल व किमान तापमान अक्षांश-रेखांशांच्या एकेका अंशाच्या चौकटींनुसार उपलब्ध आहे. मात्र एवढ्या मोठ्या चौकटीत पुण्याबरोबर मावळ, घाटमाथा आणि कोकणाचा काही भागही येतो, म्हणून गोधडीवर ‘पुणे शहर’ असे न लिहिता ‘पुणे परिसर’ असे लिहावे.

१९६१ ते २०२० या प्रत्येक वर्षाची सरासरी काढून तिच्यातून १९६१ ते १९९० या तीस वर्षांची सरासरी वजा करावी. उरलेल्या फरकाचे पाव-पाव अंशाचे टप्पे पाडून उणे बाजूला चार निळ्या आणि अधिक बाजूला चार लाल छटा द्याव्यात. टोकाच्या छटेत पाऊण अंशापलीकडचे सारे घ्यावे. हे टप्पे कापडाला कात्री लावण्याआधीच कागदावर लिहून ठेवावेत, कारण गोधडी फिकी दिसू लागली की ते बदलण्याचा मोह होतोच.

जुनी सुती लुगडी उत्तम. लाल कापड रंग जाणे थांबेपर्यंत धुवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात तो शेजारच्या निळ्यावर उतरतो आणि एखादे थंड वर्ष जांभळे होऊन बसते. पट्टी दीड इंच रुंद कापून दोन्ही कडांना पाव इंच शिवणीत गेला, की साठ वर्षांची रुंदी बरोबर पाच फूट भरते. प्रत्येक पट्टीच्या मागे खडूने साल लिहावे आणि आधी दहा-दहा पट्ट्या जोडाव्यात. चूक झालीच तर एकच दशक उसवावे लागते.

नुसत्या रंगांतून तापमान कळते, माणसाचा वाटा कळत नाही. त्यासाठी पट्ट्यांवरून पांढऱ्या धावदोऱ्याने हवेतील कार्बन डायऑक्साइडची रेघ घालावी. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ पासून त्याची मोजणी होते. १९६१ मध्ये दर दहा लाख भागांत सुमारे ३१८ भाग असलेले हे प्रमाण २०२० मध्ये सुमारे ४१४ झाले. चार भागांना एक इंच धरल्यास रेघ डावीकडून उजवीकडे दोन फूट चढते. रंगांचे टप्पे, रेघेचे माप आणि आकड्यांचा स्रोत खालच्या काठावर भरतकामाने लिहावा.