शेडचे पर्लिन: ऑर्डर देताना आणि ट्रक आल्यावर काय बघायचं

नागपूरजवळ बुटीबोरीत आमच्या शेडचे पर्लिन (छपराचा पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पोलादी पट्ट्या) उतरत होते तेव्हा सहज जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. बिलावर जाडी 2 मिमी, मोजल्यावर 1.6. तोवर अर्धा ट्रक रिकामा झाला होता. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

छपराखालचे पर्लिन आणि भिंतीचे गर्ट (भिंतीचा पत्रा धरणारे तसेच आडवे नग) इंजिनिअरकडूनच डिझाइन करून घ्या. आयएस 875 भाग 3 या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग 44 मीटर प्रतिसेकंद आहे. मे महिन्यातलं वादळ हलकं छप्पर वर उचलायला बघतं. तेव्हा पर्लिनच्या खालच्या फ्लँजवर (आडव्या बाजूवर) दाब येतो आणि त्याला पत्र्याचा आधार नसतो. म्हणून सॅग रॉड (पर्लिन मध्येच एकमेकांना बांधणाऱ्या सळ्या) कुठे आणि किती, हे ड्रॉइंगवर हवंच. भाव पाडायचा झाला की आधी तेच गाळले जातात; तिथे अजिबात ऐकू नका.

ऑर्डरमध्ये नुसतं ‘200 चा झेड’ (झेड आकाराचा पर्लिन) लिहू नका. ड्रॉइंगवरून पूर्ण लिहा, उदाहरणार्थ: झेड 200 × 60 × 20 (उंची, फ्लँज आणि कडेचा वळवलेला ओठ, मिमीमध्ये), जाडी 2 मिमी जस्ताचा थर सोडून, यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकू लागतं तो) 345 एमपीए, जस्त दोन्ही बाजू मिळून 275 ग्रॅम प्रति चौरस मीटर. लांबी, भोकं आणि लॅपही (दोन नग एकमेकांवर चढतात तेवढी लांबी) लिहा.

ट्रक आला की उतरवण्याआधी प्रत्येक बंडलातला एखादा नग मोजा. व्हर्नियर सपाट वेबवर (मधल्या उभ्या बाजूवर) लावा. वाकवलेल्या कोपऱ्यावर किंवा भोकाच्या उचललेल्या खरखरीत कडेवर माप चुकतं. 275 च्या जस्तामुळे जाडी साधारण 0.04 मिमीने वाढते, तेवढी वजा करा. मग एक नग काट्यावर ठेवा. वरच्या मापाचा 6 मीटरचा नग सुमारे 32 किलो भरतो, 1.6 मिमीचा 26 च्या आसपास. मिल टेस्ट सर्टिफिकेटवरचा (पोलाद कारखान्याच्या चाचणी दाखल्यावरचा) कॉइल नंबर, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीचा नंबर, मालाच्या टॅगशी जुळवा.

पावसाळ्यात बंडल लाकडी ओंडक्यांवर, एका टोकाला उतार देऊन ठेवा. आत पाणी साचलं की जस्तावर पांढरी भुकटी धरते.

चढवताना झेडचा वरचा फ्लँज मोभाकडे हवा. साइटवर वेल्डिंग केलंच तर जळालेल्या जागी झिंक-रिच पेंट (भरपूर जस्त असलेला रंग) लावून घ्या. पत्रा टाकण्याआधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून रांग सरळ आहे का बघा, सॅग रॉडचे नट हाताने हलवून बघा. सैल नट पत्र्याखाली गेला की पुन्हा कोणाच्या नजरेला पडत नाही.