वण घासून जात नाही: भाजल्या-कापल्यानंतर या चुका टाळा

सकाळी ड्रेसिंग रूममध्ये पहिला पेशंट आत आला की त्याने घरी काय लावलंय ते मला वासावरूनच कळतं. पुदिन्याचा वास आला तर टूथपेस्ट. पिवळाधमक फडका असेल तर हळद. निळंकाळं काही दिसलं तर पेनातली शाई. हो, अजूनही. वीस वर्षं झाली, लावायच्या वस्तू बदलल्या नाहीत आणि शेवटचा प्रश्नही बदलला नाही: "सिस्टर, डाग राहणार नाही ना?"

डाग राहू नये असं वाटत असेल तर भाजल्याबरोबर नळ सोडा. वाहतं पाणी, घड्याळ बघून वीस मिनिटं. बर्फ नको, दही नको. लोक दोन मिनिटांत हात काढून घेतात, कारण वरून गार लागतं. आतली कातडी तेव्हाही पोळत असते. भाजलेलं जितकं खोल, तितकी जखम रेंगाळते, आणि दोन-तीन आठवड्यांत न भरलेली भाजलेली जखम बहुतेक वेळा जाड, उंच वण ठेवून जाते. हळदीवरून मी आता रोज भांडत नाही. पण त्या पिवळ्या लेपाखाली जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. लेप खरवडून काढावा लागतो आणि पेशंट ओरडतो तो माझ्यावर.

खपली काढणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हा गाढवपणा मी स्वतः केलाय. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. भावाच्या मोटरसायकलवरून घाईत उजव्या बाजूने उतरले आणि पोटरी सायलेन्सरला टेकली. आंब्याच्या कोयीएवढा चटका. दुसऱ्या दिवशी टम्म फोड आला, तो मी सेफ्टी पिनेने फोडला. मग "वारा लागू दे, सुकू दे" म्हणून उघडाच ठेवला. दिवसभर दुसऱ्यांच्या जखमा झाकायच्या आणि स्वतःची उघडी! आठ दिवसांत कडक काळी खपली धरली, खाजायला लागली, आणि रात्रपाळीत बसल्या बसल्या नखाने कडा उचलत मी ती काढली. पुन्हा धरली, पुन्हा काढली. असं तीनदा. दर वेळी खालची गुलाबी कोवळी कातडी खपलीबरोबर निघाली. तो वण आजही आहे. साडीत झाकतो, सलवार वर सरकली की दिसतो. नव्या मुली ट्रेनिंगला आल्या की मी त्यांना तो दाखवते.

खपली म्हणजे जखम बरी होतेय, असा आपला समज असतो. नवी कातडी कडांकडून आत सरकत येते. वर कोरडं कवच असलं की तिला त्याच्या खालून वाट काढावी लागते. जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने 1962 मध्ये डुकरांच्या त्वचेवर हेच दाखवलं: ओलसर झाकून ठेवलेली जखम उघड्या, कोरड्या जखमेच्या साधारण दुप्पट वेगाने कातडी धरते. इतकी वर्षं झाली आणि आपण अजून वारा घालतोय.

माझी पद्धत साधी आहे. उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायचं, साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, वर न चिकटणारा गॉज, आणि रोज बदल. रोज डेटॉल-सॅव्हलॉन ओतायचं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला मजा येते, पण तो कोवळ्या पेशींनाही सोडत नाही. गॉज चिकटला तर पाच मिनिटं भिजत ठेवायचा. "झटक्यात ओढा सिस्टर, एकदाचं होऊ द्या" म्हणणारे नवरे मी दाराबाहेर उभे करते.

हे पटकन

गाडीवरून घसरून खरचटलं असेल तर डांबर-खडीचे कण त्याच दिवशी साफ करून घ्या. आत राहिले तर गोंदवल्यासारखे निळेकाळे ठिपके कायमचे बसतात.

चेहऱ्याचे टाके पाच ते सात दिवसांत निघायला हवेत. "सुट्टी नाही, पुढच्या आठवड्यात येतो" म्हणणाऱ्यांच्या गालावर रेल्वेचे रूळ उमटतात.

नव्या वणावर ऊन नको. आपली कातडी उन्हात पटकन काळी पडते आणि नवा वण तर आधीच. बाही, ओढणी, मोजे. उघड्या जागी एसपीएफ तीसच्या वरचं सनस्क्रीन. लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांना काय सांगावं? त्याने उलट भाजल्यासारखे फोड येतात.

ई व्हिटॅमिनची कॅप्सूल फोडून लावणाऱ्यांसाठी: 1999 मध्ये एका छोट्या अभ्यासात ते तपासलं. वणाला फायदा दिसला नाही, उलट तिघांतल्या एकाला पुरळ आलं.

"जखम भरली, आता सुट्टी"

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. चार वर्षांची एक मुलगी, तापलेल्या तव्यावर तळहात टेकवलेला. जखम भरायला महिना लागला. डॉक्टरांनी बोटं सरळ ठेवणारा स्प्लिंट दिला, रात्रभर घालायचा, दिवसा बोटं ताणायचे व्यायाम. आई दोनदा आली, मग यायची थांबली. तीन महिन्यांनी आजी तिला घेऊन आली. मी म्हटलं, "बाळा, टेबलावर हात ठेव." तिने ठेवला आणि तळहाताखालून माझं पेन आरपार गेलं. मधली दोन बोटं आकडा झाली होती.

"आजी, स्प्लिंट कुठाय?"

"माळ्यावर ठेवलाय. लेकरू रात्री रडायचं हो. आणि जखम तर भरली होती ना?"

पुढे ऑपरेशन झालं, जांघेतली कातडी काढून तळहाताला लावली, आणि त्यानंतर पुन्हा तोच स्प्लिंट, सहा महिने. आजीचा राग आला नाही मला. लेकराचं रडणं ऐकवत नाही हे खरंच. राग आला तो "आता बरं आहे, या" एवढंच बोलून केसपेपर हातात देणाऱ्या आम्हा सगळ्यांचा.

वरची कातडी बंद झाली की आतलं काम संपत नाही. शरीर कोलॅजन, म्हणजे कातडी बांधणारं प्रथिन, ओतत राहतं, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वण उलट लाल, टणक, खाजरा होतो. सांध्यावर असेल तर तो सांधा आवळतो. मऊ आणि फिका पडायला वर्ष, कधी दीड वर्ष जातं. लोक नेमके तिसऱ्या महिन्यात घाबरतात आणि दर आठवड्याला नवी ट्यूब आणतात.

ट्यूब नको, अंगठा वापरा. जखम पूर्ण बंद, खपली एकही नाही, अशी झाल्यावर थोडं खोबरेल घ्या आणि वण पांढुरका पडेल इतका दाब देऊन गोल, आडवं, उभं फिरवा. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. घासायचं नाही, खालचं मांस आणि कातडी एकमेकांवर सरकली पाहिजे. उंच होऊ लागलेल्या वणावर सिलिकॉनची पट्टी: दिवसाला बारा तास तरी, निदान तीन महिने. पट्टी साबणाने धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येते. मे महिन्यात घामाने पुरळ आलं तर दोन दिवस काढून ठेवा, फेकू नका. पंधरा दिवसांत फरक हवा असणाऱ्यांनी पैसे वाया घालवू नयेत.

गाठ कापून टाकणं

वण जखमेच्या हद्दीत राहून जाड झाला तर तो बहुधा वेळेने बसतो. हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरू लागला तर तो केलॉइड. कान टोचल्यावर पाळीला, पुळी फोडल्यावर छातीवर, खांद्यावर, कधी बीसीजीच्या जागी. तो नुसता कापला किंवा दोरा बांधून पाडला तर बरेचदा आधीपेक्षा मोठा होऊन परततो. त्यात ट्रायअ‍ॅम्सिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, आणि कापायचाच असेल तर त्यांच्या जोडीनेच. मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइडची "डाग घालवणारी" ट्यूब आणून महिनोन्‌महिने चोळलेल्या बायका येतात, तेव्हा केलॉइड तसाच असतो आणि भोवतीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते.

आणि एक. भाजल्याचा दहा-वीस वर्षं जुना वण अचानक फुटला, ओलावू लागला, आणि महिनाभरात भरला नाही, तर मलमं बदलत बसू नका, ड्रेसिंगसाठी माझ्याकडेही येऊ नका. थेट सर्जनकडे जा. जुन्या वणात क्वचित कर्करोग धरतो, आणि ते तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही.