सर्व्हेच्या फॉर्ममधीच आवाज रेकॉर्ड कसा करायचा

बीडकडं ऊसतोड कामगारांचा सर्व्हे करताना मागच्या वर्षी आमच्याकडून लई मोठी चूक झाली. उत्तरं ओडीके कलेक्ट या मोबाईलवर सर्व्हे भरायच्या ॲपमधी भरली अन् आवाज मोबाईलच्या साध्या रेकॉर्डरमधी घेतला, संध्याकाळी बघतो तर कोणती फाईल कोणत्या बाईची काही कळंना. मुकादमाच्या (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या) उचलीबद्दल, म्हणजे आगाऊ पैशांबद्दल, बाया मन मोकळं करून बोलल्या होत्या, ते सगळं वाया गेलं. म्हणून सांगतो, आवाज फॉर्ममधीच घ्या, मग तो त्याच माणसाच्या उत्तराला चिकटून सर्व्हरवर जातो.

ओडीकेचा फॉर्म एक्सेलमधी बनवतात, त्याच्या सर्व्हे शीटमधी नवी ओळ घ्या, टाइप कॉलममधी 'ऑडिओ' लिहा (इंग्रजीत, स्मॉल अक्षरात), नेम अन् लेबल नेहमीसारखं. मग पॅरामीटर्स नावाच्या कॉलममधी 'क्वालिटी=लो', हे पण इंग्रजीतच. झालं, ॲपमधी त्या प्रश्नावर रेकॉर्डचं बटण येतं, दुसरं ॲप लागत नाही. कोबोकलेक्ट हे दुसरं सर्व्हेचं ॲप पण ओडीकेवरच बनलंय, तिथं पण हेच.

क्वालिटीचं नीट बघा. नॉर्मलला तासाला साधारण 30 एमबी जातात, लोला 11, अन् व्हॉइस-ओन्लीला 5 च्या आसपास. नेट कमी म्हणून सगळे व्हॉइस-ओन्ली निवडतात, पण पत्र्याच्या घरात पंखा चालू, बाहेर शेळ्या ओरडतायत, अन् बाई हळू बोलणारी, अशात त्यातलं निम्मं कळत नाही. मी लो वापरतो. 'काऊन', 'मपलं' असे शब्द बाहेरच्या टाईप करणाऱ्याला आधीच अवघड जातात, त्यात आवाज पण खराब असला तर तो अंदाजानं काहीही लिहितो.

संमतीचा प्रश्न आवाजाच्या आधी टाका अन् रेलेव्हंट कॉलममधी अट लावा, म्हणजे 'हो' म्हटलं तरच रेकॉर्डचा प्रश्न दिसंल. आवाजाचा प्रश्न कंपल्सरी करू नका. मुकादमाचं नाव निघालं की कुणी मधीच 'हे बंद करा' म्हणू शकतं, तिथं फॉर्म अडून बसला तर सर्व्हे करणारा पोरगा जबरदस्ती करील.

'बॅकग्राउंड-ऑडिओ' नावाचा पण एक टाइप आहे, त्यात फॉर्म उघडला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं. सर्व्हे नीट होतोय का ते तपासायला चांगलंय, पण फॉर्ममधला संमतीचा प्रश्न येईपर्यंत रेकॉर्डिंग सुरू झालेलं असतं, म्हणून ते वापरायचं असंल तर फॉर्म उघडायच्या आधीच तोंडी सांगून परवानगी घ्या.

सेटिंगमधी ऑटो सेंड फक्त वाय-फायवर ठेवा, नाहीतर पोरांचा स्वतःचा डेटा दुपारीच संपतो. अन् गावात जायच्या आधी प्रत्येक मोबाईलवर मायक्रोफोनची परमिशन देऊन दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐका, ते पण ऑफिसात नाही, बाहेर वाऱ्यात उभं राहून. बाया दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर गेल्या की परत विचारायला सहा महिने कुणी घरी सापडत नाही.