ट्रेलर ओढताना ओव्हरड्राइव्ह: बटण कधी दाबायचं आणि का

अमेरिकेत कुणी वापरलेला पिकअप (तिथे त्यालाच ट्रक म्हणतात) घेतला आणि त्यामागे कॅम्पर, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर, किंवा बोट जोडली, की पहिला सल्ला मिळतो तो हा: ट्रेलर लावला की ओव्हरड्राइव्ह बंद कर. दुसरा कुणी लगेच सांगतो, काही गरज नाही, गाडीला सगळं कळतं. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पहिला सल्ला चार ऑटोमॅटिक गिअरच्या जुन्या ट्रकांचा आहे, दुसरा सहा, आठ आणि दहा गिअरच्या नव्या ट्रकांचा. आपला ट्रक कुठला हे न बघता यातला एक उचलला, तर गिअरबॉक्सचं काम निघतं आणि ते स्वस्तात होत नाही.

आधी ओव्हरड्राइव्ह म्हणजे नेमकं काय ते बघू. ज्या गिअरमध्ये इंजिनच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सच्या मागचा शाफ्ट एकापेक्षा जास्त फिरतो, तो ओव्हरड्राइव्ह. फोर्डच्या ४आर७०डब्ल्यू गिअरबॉक्सचे रेशो, म्हणजे मागच्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे, असे आहेत: पहिला २.८४, दुसरा १.५५, तिसरा १.००, चौथा ०.७०. जीएमच्या (जनरल मोटर्स) ४एल६०ईमध्ये ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. म्हणजे तिसरा गिअर सरळ एकास एक आणि चौथा ओव्हरड्राइव्ह. चौथ्यात इंजिन आरामात फिरतं, पेट्रोल वाचतं, पण चाकांपर्यंत पोचणारा जोर तिसऱ्याच्या तुलनेत ३० टक्के कमी होतो. रिकाम्या ट्रकला त्याचं काही वाटत नाही. मागे ५,००० पौंडांचा कॅम्पर असेल तर वाटतं.

आपल्या ट्रकचे आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, कागदावर काढून ठेवा. वेग मैलांत घ्या, त्याला ३३६ ने गुणा, मागच्या एक्सलच्या रेशोने गुणा, गिअरच्या रेशोने गुणा आणि टायरच्या इंचातल्या व्यासाने भागा. २५५/७०आर१६ टायरचा व्यास साधारण ३० इंच भरतो. एक्सल ३.५५ चा असेल तर ताशी ६० मैलांना तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे २,३९० आरपीएम येतात आणि ओव्हरड्राइव्हमध्ये सुमारे १,६७०. बरेच जण २,४०० चा आकडा बघून घाबरतात आणि इंजिनाची काळजी म्हणून ओव्हरड्राइव्ह परत चालू करतात. २,४०० आरपीएमवर इंजिनाला काहीही होत नाही, ते दिवसभर तसं चालू शकतं. उलट १,६७० वर अर्ध्याहून जास्त अ‍ॅक्सिलरेटर दाबून चढ चढवणं सगळ्यांनाच जड जातं.

खरा शत्रू आहे उष्णता, आणि ती तयार होते टॉर्क कन्व्हर्टरमध्ये. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसलेला हा डबा तेलाच्या प्रवाहातून जोर पुढे देतो. सपाट रस्त्यावर एका वेगाला गाडी स्थिरावली की आतला क्लच लॉक होतो आणि घसरण शून्यावर येते. मग तेल फारसं तापत नाही. चढ आला, जोर अपुरा पडला, की कॉम्प्युटर आधी हा लॉक सोडतो. आता इंजिनाचे फेरे एक आणि गिअरबॉक्समध्ये जाणारे फेरे दुसरे. मधला फरक तेल घुसळण्यात जातो आणि त्याची सरळ उष्णता होते. तेवढ्यानं भागलं नाही तर तिसरा गिअर पडतो. चढ जरा कमी झाला की पुन्हा चौथा, पुन्हा लॉक. दर अर्ध्या मिनिटाला ही वरखाली चालू राहिली की क्लचच्या पट्ट्या घासतात, तेल तापतं, आणि तापलेलं तेल पट्ट्या आणखी लवकर संपवतं. ४एल६०ईमध्ये तिसऱ्या-चौथ्याचा क्लच पॅक जळणं हे इतकं ओळखीचं दुखणं आहे, की तिसरा आणि चौथा दोन्ही गेले म्हटलं की मेकॅनिक आधी तिकडेच बघतो.

म्हणून बटणाला हात लावायची खूण वजनाच्या आकड्यात शोधू नका, आरपीएम दाखवणाऱ्या टॅकोमीटरच्या काट्यात शोधा. काटा एका जागी स्थिर असेल आणि चढावरही हलत नसेल तर ओव्हरड्राइव्ह चालू राहू द्या. एका मैलात काटा दोन-तीनदा वर उडून खाली आला तर लगेच बंद करा. काटा थोडासा, २०० ते ४०० आरपीएमने, सरकला तर लॉक सुटला असं समजा. ७०० ने उडाला तर गिअर पडला.

लॉक लागलाय की नाही ते तपासायची सोपी युक्ती आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ५५ मैलांना अ‍ॅक्सिलरेटर एका जागी धरून ठेवा आणि डाव्या पायानं ब्रेक पेडलला, मागचे दिवे लागतील इतकाच, हलका स्पर्श करा. ब्रेकच्या स्विचमुळे लॉक सुटतो. काटा किंचित वर गेला आणि पाय काढल्यावर काही सेकंदांत खाली बसला, तर लॉक लागलेला होता. काटा हललाच नाही तर लॉक मुळात लागत नाहीये. तो का लागत नाही हे शोधल्याशिवाय त्या ट्रकला जड ट्रेलर लावू नका.

कुठल्या ट्रकमध्ये काय दाबायचं

चार गिअरच्या फोर्डमध्ये गिअरच्या दांडीच्या टोकाला बटण असतं. दाबलं की ओव्हरड्राइव्ह बंद झाल्याचा दिवा लागतो. इथे नवख्यांचा गोंधळ होतो: दिवा लागला म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद, दिवा नाही म्हणजे चालू. आणि हाच दिवा उघडझाप करू लागला तर गिअरबॉक्समध्ये बिघाड नोंदला गेलाय, तेव्हा ट्रेलर सोडून आधी कोड वाचून घ्या. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखं: इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की ओव्हरड्राइव्ह आपोआप चालू होतं. पेट्रोल भरून निघाल्यावर बटण पुन्हा दाबावं लागतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

जीएमच्या जुन्या शेव्हरले आणि जीएमसी ट्रकांत बटणाऐवजी दांडीची जागा बदलायची. वर्तुळातला डी म्हणजे ओव्हरड्राइव्हसकट, त्याच्या पुढचा ३ किंवा नुसता डी म्हणजे ओव्हरड्राइव्ह सोडून.

टो-हॉल (ओझं ओढण्यासाठीचं) बटण असलेल्या ट्रकांत आधी ते दाबा, बाकीचं नंतर. त्याने कॉम्प्युटर वरचा गिअर उशिरा टाकतो, गिअर घट्ट बदलतो म्हणजे पट्ट्या घासायला वेळ कमी मिळतो, आणि उतारावर ब्रेक दाबला की खालचा गिअर टाकून इंजिनाचा रोध वापरतो. सहा गिअरच्या फोर्ड आणि जीएम ट्रकांत पाचवा आणि सहावा असे दोन ओव्हरड्राइव्ह आहेत. रॅमच्या आठ गिअरमध्ये सातवा आणि आठवा. फोर्डच्या १०आर८०मध्ये सातवा गिअर १.०० आहे आणि आठवा ०.८५, नववा ०.६९, दहावा ०.६४ असे तीन ओव्हरड्राइव्ह. अशा ट्रकात सगळे ओव्हरड्राइव्ह बंद करायचा हट्ट धरू नका. ०.८५ चा गिअर कॅम्पर ओढायला उत्तम चालतो. टो-हॉल लावूनही वरचे दोन गिअर आळीपाळीने पडत असतील, तर दांडीवरच्या किंवा स्टिअरिंगवरच्या अधिक-उणे बटणांनी वरची मर्यादा एकेक गिअरने खाली आणा आणि काटा शांत झाला की तिथेच थांबा.

चढ आणि घाट

चढ लागल्यावर बटण दाबण्यापेक्षा चढाच्या अर्धा मैल आधी दाबा. वेग असतानाच तिसरा पडला की लॉकही टिकतो. उशीर केला तर वेग घटतो, लॉक सुटतो, मग दुसऱ्यापर्यंत उतरावं लागतं. क्रूझ कंट्रोल चढाआधी काढून टाका. ते एक-दोन मैलांचा वेग राखायला अ‍ॅक्सिलरेटर खोल दाबतं आणि गिअरांची वरखाली वाढवतं. चढावर पाच-दहा मैल वेग कमी झाला तर होऊ द्या, उजव्या लेनमध्ये राहा.

वेगाचं गणितही डोक्यात असू द्या. कॅम्परचा पुढचा चेहरा म्हणजे आठ फूट रुंद भिंत. वाऱ्याचा अडथळा तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे ५५ वरून ६५ वर गेलात तर ती सुमारे ६५ टक्के जास्त लागते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कायद्यानेच ५५ ची मर्यादा आहे. ती इतर राज्यांतही पाळली तर बऱ्याच ट्रकांत ओव्हरड्राइव्हचा प्रश्न निम्मा सुटतो. पश्चिम टेक्सासमध्ये रस्ता सपाट दिसतो, पण समोरून वारा सुटला की गिअरबॉक्सला तो चढासारखाच लागतो. तिथेही काट्याकडेच बघा.

उंचीवर टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. कोलोराडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते. डेन्व्हरला ओव्हरड्राइव्हमध्ये छान ओढणारा ट्रक तिथे दुसऱ्या गिअरमध्ये ३,५०० आरपीएमवर चढला तर घाबरू नका, तेच बरोबर आहे. ट्रक किती वजन ओढू शकतो ते ठरवणारी एसएई जे२८०७ ही प्रमाणित चाचणी ज्या चढावर बेतलेली आहे तो अ‍ॅरिझोनातला, डेव्हिस डॅमजवळचा. ११.४ मैल सलग चढ, १०० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ऊन, एसी पूर्ण चालू, आणि मागे एकेरी चाकं असलेल्या ट्रकने किमान ४० मैलांचा वेग राखायचा. फक्त ४०! कारखान्याची चाचणी ४० वर समाधानी असेल तर आपण ६५ चा हट्ट कशाला धरायचा?

उतारासाठी कसारा किंवा खंबाटकी उतरलेल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचं. ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन गाडीला जवळजवळ धरतच नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून सुटतात. माथ्याच्या आधीच वेग ४५ पर्यंत आणा, ओव्हरड्राइव्ह बंद करा, आणि लॉस एंजेलिसच्या उत्तरेला आय-५ वरच्या ग्रेपव्हाइनसारखा सहा टक्क्यांचा लांब उतार असेल तर दुसरा गिअर घ्या. वर काढलेल्या हिशेबाने फोर्डच्या १.५५ च्या दुसऱ्यात ४५ मैलांना २,८०० च्या आत आरपीएम राहतात. ब्रेक सतत हलका धरून ठेवू नका. घट्ट दाबून वेग पाच-दहा मैलांनी उतरवा, मग पूर्ण सोडा. ओल्या किंवा बर्फाळ रस्त्यावर खालचा गिअर एकदम टाकू नका. मागची चाकं घसरली तर ट्रेलर बाजूने फिरून ट्रकावर दुमडतो.

तेल

ट्रकात गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा नसेल तर तो बसवून घ्या किंवा गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती देणाऱ्या ओबीडी पोर्टमध्ये रीडर लावून फोनवर बघा. चार गिअरच्या ट्रकात १७५ ते २०० अंश फॅरनहाइट उत्तम, चढावर २२० चालतं. २४० दिसलं तर वेग आणि गिअर दोन्ही खाली आणा, २५० ला थांबा. नवे गिअरबॉक्स मुळातच जास्त गरम चालतात, त्यांच्या बाबतीत मीटरवरच्या पिवळ्या पट्ट्याचं ऐका.

थांबल्यावर इंजिन बंद करू नका. इंजिन थांबलं की पंप थांबतो आणि तापलेलं तेल आतच बसतं. सपाट जागी पार्किंग ब्रेक ओढा, चाकांना अडसर लावा आणि १,००० ते १,२०० आरपीएमवर इंजिन पाच-दहा मिनिटं फिरू द्या. बहुतेक ट्रकांत पार्कमध्ये चालतं, पण क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट कुळातले गिअरबॉक्स असलेल्या जुन्या डॉज आणि रॅममध्ये पार्कला तेल गार करणाऱ्या कूलरकडे तेल जात नाही, न्यूट्रलच ठेवावं लागतं. म्हणूनच त्यांची डिपस्टिकही न्यूट्रलमध्ये बघतात, तर फोर्ड आणि जीएमची पार्कमध्ये. दोन्हीकडे इंजिन चालू आणि तेल गरम हवं.

डिपस्टिक पांढऱ्या कागदाला पुसा. लालसर पारदर्शक डाग पसरला तर ठीक. तपकिरी असेल आणि जळक्या टोस्टसारखा वास येत असेल तर तेल संपलंय. काळे कण बोटाला लागले तर पट्ट्या सुटतायत. नियमित ट्रेलर ओढणाऱ्या जुन्या ट्रकात ३०,००० मैलांना तेल आणि फिल्टर बदला. पॅन उतरवल्यावर साधारण ५ क्वार्टच (क्वार्ट म्हणजे लिटरहून थोडं कमी) बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. तेव्हा निघालं तेवढंच मोजून भरा. जास्त झालं तर फेस होतो, आणि फेसाळ तेलात दाब धरत नाही. तेलाची जातही मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेली तीच हवी: जुन्या फोर्डला मर्कॉन व्ही, जीएमला डेक्सरॉन ६, क्रायस्लरला एटीएफ+४. १०आर८०ला लागणारं मर्कॉन यूएलव्ही याहून फार पातळ असतं, ते यातल्या कशाच्याही जागी चालत नाही.

रेडिएटरपुढे गिअरबॉक्सच्या तेलाचा वेगळा कूलर नसेल तर प्लेटचा घ्या. क्रम असा ठेवा: गिअरबॉक्समधून गरम तेल आधी रेडिएटरच्या टाकीत, तिथून नव्या कूलरमध्ये, मग परत. थंडीत तेल अति गार होऊ नये म्हणून रेडिएटर मार्गात राहू द्यायचा. होज गिअरबॉक्सच्या तेलासाठीच बनवलेला घ्या, इंधनाचा साधा होज इथे टिकत नाही. बसवल्यावर इंजिन सुरू करून तेलाची पातळी पुन्हा बघा, कारण कूलर आणि होज भरताना ती खाली जाते.