टॉवरवर घारीचं घरटं असेल तर

खानापूर-नंदगड पट्ट्यात मी टॉवरवर चढायचं काम करतो. जानेवारी ते एप्रिल चढण्याआधी मी पंधरा मिनिटं खाली उभा राहून नुसतं वर बघतो. घार काटक्या, चिंध्या घेऊन एकाच जागी परत परत उतरत असेल तर घरटं आहेच समजा.

अंडी उबायला साधारण महिना, पिल्लं उडायला आणखी दीड-दोन महिने. तेवढं थांबता येणारं काम थांबवाच. घरटं हलवू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात अंडी-घरट्याला छेडणं शिकारीतच धरतात. अडलंच तर आधी वन खात्याला कळवा.

चढावंच लागलं तर हनुवटीचा पट्टा आवळलेलं हेल्मेट घाला. घार पाठीमागून झेपावते. माणूस दचकतो, हात सुटतो, खरा धोका तोच. म्हणून अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याच्या दोन हुकांपैकी एक कायम टॉवरला अडकलेला हवा. एकदा माझ्या मानेजवळून पंख गेला, तेव्हा त्या एका हुकानंच धरलं. खाली एक माणूस फक्त पक्ष्यावर नजर ठेवायला, ओरडून सांगायला.

भर उन्हात जाऊ नका. आई उठली की उघडी पिल्लं होरपळतात.