दोन टक्के आणि उरलेले अठ्ठ्याण्णव

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलींचे दरवर्षी फोन येतात. "ताई, कंपनीत सीएसआरला लागायचंय, काय वाचू?" मीही इथेच, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्य शिकले आणि गेली नऊ वर्षं शहराबाहेरच्या एका परदेशी कंपनीच्या कारखान्यात हेच सीएसआरचं, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चाचं काम बघते. फोनवर सांगून पुरत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी कायदा नीट वाचा. कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. आधीच्या वर्षी नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी गाठलं, तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करावी लागते. परदेशी कंपनीची इथली शाखाही यात येते. कशावर खर्च चालतो ते याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. काय चालत नाही, हे मात्र त्याहून पक्कं लक्षात ठेवा. फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेलं शिबिर चालत नाही, राजकीय पक्षाला देणगी चालत नाही आणि मॅरेथॉनच्या टी-शर्टवर लोगो छापून जाहिरात करणंही चालत नाही. पैसे संस्थेमार्फत द्यायचे असतील, तर तिची सीएसआर-१ची (अशा संस्थांनी सरकारकडे भरायच्या फॉर्मची) नोंदणी बघा. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. एवढं आलं की मुलाखतीपुरतं भागतं.

खरं शिक्षण सावली तालुक्यातल्या एका शाळेत झालं. माझं दुसरं वर्ष होतं. फेब्रुवारी उजाडला तरी बजेट शिल्लक, आणि वरून रोज विचारणा. मी घाईघाईने मुलींसाठी शौचालय मंजूर करून घेतलं. ३१ मार्चच्या आत बांधून रंगवून झालं, फोटो निघाले. शाळा सुरू झाल्यावर जूनमध्ये सहज गेले, तर दाराला कुलूप, आणि आत मोडकी बाकं रचलेली. वर टाकी होती, पण बोअरपासून टाकीपर्यंत पाइपच नव्हता. दुपारचं जेवण शिजवणाऱ्या बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मुली अजून मधल्या सुट्टीत घरीच जातात. शाळा महाराजांच्या वेळची, पाण्याची रड तेव्हापासूनची. विचारलं असतंत तर सांगितलं असतं." सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं. त्या शाळेत आज पाणी कुठून येतं, हे विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं. पाइप टाकायला आणखी सात महिने गेले.

तेव्हापासून मी गावात गेले की आधी स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी बोलते, मग मुख्याध्यापकांशी, आणि सरपंचांशी सगळ्यात शेवटी. आणि मार्चची घाई करू नका. प्रकल्प एका वर्षाहून जास्त चालणारा असेल, तर न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवता येते आणि पुढची तीन वर्षं वापरता येते. कायद्यानेच वेळ दिलेला आहे. तो मागून घ्यायला लाजू नका.

आता मुख्य गोष्ट. दोन टक्के कुठे गेले हे सगळे विचारतात. उरलेले अठ्ठ्याण्णव कसे कमावले, हे विचारणं माझ्या मते याच नोकरीचा भाग आहे, अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलेलं नसलं तरी. कारखान्याच्या सांडपाण्याला जीपीसीबीने (गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने) कोणत्या अटी घातल्या आहेत, ते पहिल्याच महिन्यात मागून वाचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये बडोद्याच्याच पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा चालू नसेल तर कारखाना चालवता येणार नाही. ज्या गावच्या विहिरीचं पाणी बिघडलं आहे, तिथे झाडं लावायला जाऊ नका. गावकऱ्यांना ते समजतं.

दुसरी जागा म्हणजे पुरवठादार. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना त्यांच्या पुरवठादारांकडेही मानवी हक्क पाळले जातात का, हे बघावं लागतं. त्यामुळे आमच्याकडे प्रश्नावल्या यायला लागल्या आणि पाहणीसाठी मला बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पाठवलं. लहानसं युनिट, चौदा कारीगर. मस्टर अगदी स्वच्छ: चौदाही सह्या एकाच निळ्या पेनाच्या, एकाच वळणाच्या, आणि सुटायची वेळ सगळ्यांची साडेपाच. मला बसायला दिलेल्या टेबलावर चहावाल्याची उधारीची वही पडली होती. सहज चाळली. आठवड्यातले चार दिवस लिहिलेलं, "रात्री ९, चहा १४".

मालकांना वही दाखवली. ते जराही चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, तुमचे पर्चेसवाले शुक्रवारी ऑर्डर देतात आणि सोमवारी माल मागतात. रात्री काम नाही केलं तर कुठून आणू? आणि ओव्हरटाइमचा दर तुमच्या रेटमध्ये बसतो का, तेही सांगा."

त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट मजुरी द्यावीच लागते. ती बुडवली, हा दोष त्यांचा. पण ती वेळ आमच्याच पर्चेसने आणली होती. अशा वेळी ऑर्डर रद्द करून हात झटकणं सोपं असतं, पण त्यात चौदा माणसांची रोजी जाते. मी तसं करू दिलं नाही. आठ महिने आमच्याच पर्चेस खात्याशी भांडले. ऑर्डर तीन आठवडे आधी द्यायची, रेट वाढवायचा आणि मागची थकबाकी हप्त्यांनी थेट कारीगरांच्या बँक खात्यात जमा करायची, असं ठरलं. त्या काळात ऑफिसात माझ्याशी बरेच जण बोलत नव्हते. तुमच्यावरही अशी वेळ येईल. तेव्हा प्रत्येक गोष्ट ईमेलवर ठेवा.

लाचेबद्दल एकच सांगते. आपल्याकडे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. शिवाय अमेरिकेचा १९७७चा आणि ब्रिटनचा २०१०चा लाचविरोधी कायदा परदेशी कंपन्यांच्या मागे इथपर्यंत पोचतो. सीएसआरवाल्यांकडे मात्र लाच पाकिटातून येत नाही, ती देणगीच्या रूपाने येते. परवानगीची फाइल अडकलेली असताना कुणी म्हणालं, "आमच्या ओळखीचा एक ट्रस्ट आहे, फार चांगलं काम करतो," तर ट्रस्टी कोण आहेत ते बघा आणि त्याच दिवशी कंप्लायन्सला (कंपनीत कायदे-नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या खात्याला) लेखी कळवा. ट्रस्टचं काम खरोखर चांगलं असलं तरीही.

मुलाखतीत शेवटी तुम्हाला काही विचारायचं आहे का, असं विचारतात. तेव्हा विचारा की पुरवठादारांच्या पाहणीला सीएसआरच्या माणसाला नेतात का. उत्तर देणारा कुणाकडे बघतो, यावरून बरंच कळतं.

मकरपुऱ्याला गेल्या महिन्यात परत गेले होते. मस्टरवर बारा वेगवेगळ्या सह्या आणि दोन अंगठे होते. सुटायची वेळ एका पानावर आठ लिहिलेली होती, आणि समोरच्या रकान्यात दुप्पट दर. चहावाल्याची वही मी मुद्दाम मागवून घेतली. त्या दिवशी रात्री ९ ला चहा नव्हता.