तलावाच्या तळातला उपशाचा खड्डा कसा शोधावा

‘खोल पाणी हवंय ना, मग तलावाच्या मधोमध जा,’ असं गळ टाकणाऱ्याला सांगणाऱ्याने उपशाचा खड्डा, म्हणजे भरावासाठी तळातली वाळू-माती उपसून पडलेला खड्डा, कधी शोधलेला नसतो. वाळू, मुरूम, माती वाहून न्यायला खर्च येतो, त्यामुळे भराव जिथे घालायचा असतो तिथून जवळात जवळ उपसा होतो. म्हणूनच हे खड्डे बहुधा काठापासून हाकेच्या अंतरावर, उथळ सपाट तळाच्या मध्येच कुठेतरी असतात. तीन मीटर पाणी चालू असतं आणि पुढच्या थोड्याच अंतरात ते नऊ मीटर होतं. आपल्याला शोधायची आहे ती ही कड. सगळ्यात खोल आकडा सापडला म्हणून मासा लागत नाही.

आधी काठ बघा. पाण्यात घुसलेला रस्त्याचा भराव, दोरी लावून कापल्यासारखा सरळ किनारा, माणसाने केलेलं बेट, आजूबाजूच्या जमिनीशी न जुळणारी वाळू. यातलं काहीही दिसलं की ही माती आली कुठून, एवढं विचारायचं. मातीचं धरण असेल तर त्याची माती पुष्कळदा पुढे बुडालेल्या जागेतूनच काढलेली असते.

मग गूगल अर्थ प्रोमध्ये जुनी छायाचित्रं मागे मागे नेत पाहा. पाणी आटलेलं वर्ष सापडलं तर निम्मं काम तिथेच झालं. उपसा चालू असतानाचं सापडलं तर पाण्यात गढूळ पट्टा दिसतो. खोलीच्या रेषांचा नकाशा मिळाला तर घ्या, पण त्यावर विसंबू नका. मोजणी काही ठरावीक रेषांवर झालेली असते आणि मधली जागा अंदाजाने भरलेली असते, त्यामुळे मोजणीच्या दोन रेषांच्या मध्ये राहिलेला खड्डा नकाशावर येतच नाही. मोजणी उपशाच्या आधीची असेल तर प्रश्नच मिटला. ‘नकाशात नाही म्हणजे खड्डा नाही’ म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

वारा पडलेली सकाळ निवडा, लाइफ जॅकेट घाला, होडी काढा.

आता खरं काम. हाच टप्पा मला सगळ्यात जड गेला होता आणि बहुतेक लोक इथेच फसतात, कारण फिश फाइंडर (पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून खोली दाखवणारं यंत्र) जे दाखवतो ते त्यांना तळाचं छायाचित्र वाटतं. तसं ते नसतं. यंत्राचा ध्वनी टॉर्चच्या झोतासारखा खाली पसरत जातो आणि झोतात जे सगळ्यात जवळ असेल त्याचा प्रतिध्वनी आधी परत येतो. होडी खड्ड्यावर आली तरी झोताचा एक कोपरा अजून सपाट तळावर असतो, आणि पडद्यावर तीन मीटरच दिसत राहतात.

हिशेब करून पाहा. ६० अंशांचा रुंद झोत ३ मीटर खोलीवर सुमारे साडेतीन मीटर व्यासाची जागा व्यापतो, २० अंशांचा अरुंद झोत जेमतेम एक मीटर. म्हणजे ६ मीटर रुंदीचा खड्डा रुंद झोतात अडीच मीटरचा दिसतो, अरुंद झोतात पाच मीटरचा. होडी ताशी १० किलोमीटरने चालली असेल तर ते अडीच मीटर सेकंदाच्या आत मागे पडतात, आणि पडद्यावर फार तर एक खाच उमटते. लोक ती बिघाड समजून सोडून देतात. तेव्हा अरुंद झोत लावा, म्हणजे बहुतेक यंत्रांवर २०० किलोहर्ट्झ, आणि चालण्याच्या वेगाहून जास्त वेग घेऊ नका. रुंद झोत जास्त जागा दाखवतो म्हणून शोधायला तोच बरा, हा सल्ला मासे शोधताना चालेल. कड शोधताना तो साफ चुकीचा आहे.

होडीच्या फेऱ्यांच्या रेषा काठाला काटकोनात मारा, दहा-दहा मीटरांवर, कारण हे खड्डे पुष्कळदा काठाला समांतर लांबत गेलेले असतात. खोली बदलली की जीपीएसवर खूण करा, आणि त्याच रेषेवरून उलट या. हे परत येणं टाळू नका. यंत्र आकडा उशिरा दाखवतं, तुमचं बोटही उशिरा पडतं; एकाच दिशेने फिरलात तर सगळ्या खुणा त्याच बाजूला सरकतात. जाताना आणि येताना केलेल्या दोन खुणांच्या मधोमध कड धरा. झोताच्या रुंदीने होणारी चूक मात्र याने जात नाही, तिला अरुंद झोत हाच उपाय.

यंत्रात साइड स्कॅन, म्हणजे होडीच्या बाजूंना ध्वनी सोडून तळाचं चित्र काढायची सोय, असेल तर एवढंच लक्षात ठेवा: उंचवटा आधी उजळ दिसतो आणि मागे सावली पडते; खड्ड्यात आधी सावली, मग पलीकडची भिंत उजळ.

शेवटी शिशाचं वजन सोडून खात्री करा. न ताणणारी दोरी, ती भिजवून मग मीटरच्या गाठी मारलेली. शिशाच्या बुडाला साबण किंवा चरबी लावा: सपाट तळावर वाळू चिकटून येते, खड्ड्यात बहुधा काळा, वास मारणारा गाळ, कारण बारीक गाळ तिथेच साचतो. एवढं कुठलाही पडदा सांगत नाही.

पाण्यात चालत मात्र कड चाचपायला जाऊ नका. वाळूची कड पायाखालून सुटते आणि खाली भिंत उभी असते. उपसा अजून चालू असेल तर उपशाच्या यंत्रापासून आणि त्याच्या पाइपांपासून लांबच राहा.

गळ कुठे सोडायचा? उन्हाळ्यात खड्ड्याच्या बुडाशी नाही. तिथलं थंड पाणी वरच्या पाण्यात मिसळत नाही आणि गाळ कुजून त्यातला प्राणवायू संपतो. फिश फाइंडरची संवेदनशीलता वाढवली की दोन थरांमधली सीमा पुष्कळदा धूसर रेषेसारखी दिसते. आमिष तिच्या वर, कडेला लागून ठेवा. जिथे पाणी गोठतं तिथे हिवाळ्यात उलटं होतं. ४ अंश सेल्सिअसचं पाणी सगळ्यात जड, ते तळाशी बसतं, आणि मासेही खाली उतरतात. बर्फ फार दिवस राहिला की तिथलाही प्राणवायू संपत जातो, मग पुन्हा थोडं वर या.

खोलीच्या आकड्याशेजारी त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहून ठेवा, काठावरच्या एखाद्या न हलणाऱ्या दगडापासून मोजून. पाणी दीड मीटर उतरलं की तीन मीटरची कड दीड मीटरवर येते, आणि जुन्या आकड्यावर सोडलेलं आमिष तळावर लोळत राहतं.